कुकरचे झाकण आत का बसते?

प्रेशर कुकरची झाकणे दोन तऱ्हांची असतात. एक भांड्याच्या तोंडावर बाहेरून बसते आणि फिरवून घट्ट करता येते. दुसरे तिरके करून भांड्याच्या पोटात घालावे लागते, मग सरळ करून वर ओढले की ते कडेला आतून टेकते. मुंबईजवळच्या ठाकुर्लीत, नव्वद फुटी रस्त्यावरच्या एखाद्या इमारतीत, शेजारशेजारच्या दोन स्वयंपाकघरांत हे दोन्ही प्रकार सहज सापडतील. सकाळच्या लोकलसाठी डबा भरायचा तर दोन्हींची शिट्टी पहाटेच वाजते. बाहेरच्या झाकणाची सवय असलेला माणूस आतल्या झाकणाचा कुकर पहिल्यांदा हातात घेतो तेव्हा मात्र गोंधळतो. झाकण तोंडापेक्षा मोठे आहे, मग ते आत गेले कसे? आणि बाहेरून सरळ बसवता येत असताना हा खटाटोप कशासाठी?

त्याचे उत्तर कुकरपुरते राहत नाही. रोजच्या वापरातल्या उत्तम वस्तू सूचनांच्या कागदावर विसंबत नाहीत. काय करावे आणि काय करू नये हे त्या आकारातून, वजनातून आणि हालचालीतून हाताला कळवतात. काही वस्तू तर त्याही पुढे जातात आणि चूक करणेच अशक्य करून ठेवतात. आतल्या झाकणाचा कुकर त्यांपैकी एक आहे.

वीस अंशांची किमया

समुद्रसपाटीला पाणी 100 अंश सेल्सिअसला उकळते. एकदा उकळी फुटली की आच कितीही मोठी केली तरी पाणी आणखी तापत नाही. जादा उष्णता पाण्याची वाफ करण्यात खर्च होते. म्हणून उघड्या पातेल्यातली तूरडाळ 100 अंशांवर जितक्या वेगाने शिजायची तितक्याच वेगाने शिजते. महाबळेश्वरसारख्या उंच ठिकाणी हवेचा दाब कमी असतो, तेथे पाणी 95-96 अंशांनाच उकळते आणि डाळ आणखी वेळ खाते.

कुकर याच नियमाचा उलटा उपयोग करतो. वाफ कोंडली की पाण्यावरचा दाब वाढतो आणि पाण्याला उकळण्यासाठी अधिक तापावे लागते. घरगुती कुकरमध्ये बाहेरच्या हवेपेक्षा साधारणपणे दर चौरस सेंटिमीटरला एक किलो जास्त दाब असतो, म्हणजे एकूण दाब जवळजवळ दुप्पट. या दाबाखाली पाणी सुमारे 120 अंशांना उकळते. वीस अंश ऐकायला थोडे वाटतात, पण रसायनशास्त्रातला एक ढोबळ नियम असा की तापमान दहा अंशांनी वाढले की क्रियेचा वेग साधारण दुप्पट होतो. वीस अंशांत तो चौपट होतो. पाऊण तास घेणारी डाळ दहा-बारा मिनिटांत मऊ होते ती त्यामुळे.

ही युक्ती जुनी आहे. डेनिस पापिन या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1679 मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे वाफ कोंडणारे असे भांडे मांडले. त्यात हाडेसुद्धा मऊ पडत. भांडे फुटू नये म्हणून पापिनने त्याला एक झडप जोडली: एका छिद्रावर टेकवलेली गुडदी आणि तिला दाबून धरणारे वजन. पुढे वाफेच्या इंजिनांना आणि बॉयलरांना ज्या सुरक्षा-झडपा बसल्या, त्यांचे मूळ या वजनात आहे. कुकरची शिट्टी त्याच घराण्यातली.

शिट्टी मोजते काय?

कुकरच्या शिट्टीत गुंतागुंतीचे यंत्र नाही. झाकणाला एक बारीक नळी असते आणि नळीच्या तोंडावर ठराविक वजनाचा धातूचा तुकडा बसवलेला असतो. नळीचे छिद्र तीन मिलिमीटर व्यासाचे धरले तर त्याचे क्षेत्रफळ सुमारे सात चौरस मिलिमीटर, म्हणजे 0.07 चौरस सेंटिमीटर भरते. दर चौरस सेंटिमीटरला एक किलो दाब असलेली वाफ एवढ्याशा जागेवर फक्त 70 ग्रॅमचा जोर लावते. तेव्हा 70 ग्रॅमचे वजन तेथे ठेवले की दाब त्या मर्यादेला पोचताच ते उचलले जाते, वाफ सुटते, दाब उतरतो आणि वजन पुन्हा खाली बसते. काटा, स्प्रिंग, वीज यांतले काहीही न वापरता गुरुत्वाकर्षणाने दाब मोजून घेतला जातो. गुरुत्वाकर्षण कधी झिजत नाही, त्यामुळे वीस वर्षे जुनी शिट्टीही स्वच्छ असेल तर बरोबर दाबालाच उचलते.

घरोघरी शिट्ट्या मोजून स्वयंपाक होतो, पण शिट्टी वेळ मोजत नाही. मोठ्या आचेवर पाच शिट्ट्या तीन मिनिटांत होतील, मंद आचेवर त्यांना वीस मिनिटे लागतील. अन्न शिजते ते 120 अंशांवर काढलेल्या वेळामुळे. म्हणून पहिली शिट्टी झाली की आच बारीक करून घड्याळ पाहणे हा शहाणपणाचा मार्ग. आच मोठीच ठेवली तर आतले तापमान वाढत नाही, फक्त गॅस जास्त जळतो आणि वाफ वाया जाते.

अडीचशे किलोंचा रेटा

आता मूळ कोड्याकडे. नळीच्या छिद्रावर वाफेचा जोर 70 ग्रॅमचा असला, तरी संपूर्ण झाकणावर तो किती असतो? झाकणाचा व्यास 18 सेंटिमीटर धरला तर क्षेत्रफळ सुमारे 254 चौरस सेंटिमीटर होते. दर चौरस सेंटिमीटरला एक किलो या हिशेबाने झाकणावर अडीचशे किलोंचा रेटा येतो. शेगडीवर शांत दिसणाऱ्या त्या भांड्याचे झाकण तीन-चार धडधाकट माणसांच्या वजनाएवढ्या जोराने वर ढकलले जात असते.

बाहेरून बसणाऱ्या झाकणात हा सगळा जोर झाकण उडवण्याच्या दिशेने लागतो. त्याला रोखण्यासाठी झाकणाच्या काठाला दात असतात आणि झाकण फिरवले की ते भांड्याच्या कानांखाली सरकून अडकतात. दात पुरते सरकले नाहीत किंवा आत दाब शिल्लक असताना कोणी नेट लावून झाकण फिरवले, तर जबाबदारी वापरणाऱ्याच्या सावधपणावर येते. म्हणून अशा कुकरांना दाब असेपर्यंत झाकण फिरू न देणारे वेगळे खटके बसवले जातात.

आतून बसणाऱ्या झाकणात तोच अडीचशे किलोंचा जोर झाकणाला कडेवर आवळून धरतो. दाब जितका जास्त, झाकण तितके घट्ट. ते उघडायचे तर आधी खाली, म्हणजे दाबाच्या विरुद्ध ढकलावे लागते. दाब उतरून दहावा हिस्सा राहिला, तरी 25 किलोंचा विरोध उरतो आणि मुठीच्या चिमटीत तेवढे बळ नसते. दाब संपला की झाकण आपसूक सैल होते. लोकलच्या गच्च डब्याला आत उघडणारे दार असते तर काय झाले असते, याची कल्पना केली की तत्त्व कळते: आतली गर्दीच दार दाबून धरते आणि गर्दी ओसरेपर्यंत ते उघडता येत नाही. नाट्यगृहांची दारे बाहेर उघडणारी ठेवतात ती नेमकी हे टाळण्यासाठी. माणसांच्या बाबतीत जे संकट, ते वाफेच्या बाबतीत संरक्षण ठरते. अनेक प्रवासी विमानांची दारेही याच रीतीने आतून टेकतात. विमान उंचीवर असताना आतल्या हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा बराच जास्त असतो, त्यामुळे कोणी दांडा ओढला तरी दार हलत नाही.

राहिला प्रश्न, तोंडापेक्षा मोठे झाकण आत जाते कसे? रस्त्यावरच्या मॅनहोलचे झाकण गोल असते, कारण वर्तुळाची रुंदी सर्व बाजूंनी सारखी असते आणि गोल झाकण कसेही तिरके केले तरी आपल्यापेक्षा लहान गोल भोकातून खाली पडू शकत नाही. चौकोनी झाकण पडू शकते, कारण चौकोनाचा कर्ण बाजूपेक्षा लांब असतो. कुकरला उलटे हवे आहे. तेथे झाकण आत गेलेच पाहिजे. म्हणून कुकरचे तोंड आणि झाकण पूर्ण गोल न ठेवता किंचित लंबगोल केले जाते. झाकणाची अरुंद बाजू तोंडाच्या रुंद बाजूतून तिरकी आत जाते. आत गेल्यावर झाकण वळवून सरळ केले की त्याचा काठ सगळीकडे तोंडाच्या कडेखाली येतो. लंबगोलपणा इतका थोडा असतो की रोज कुकर हाताळणाऱ्याच्याही लक्षात येत नाही, पण सगळी युक्ती त्यावर उभी आहे.

ठाकुर्लीला या युक्तीशी जुनी ओळख असायला हरकत नाही. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने विजेच्या गाड्यांसाठी 1920च्या दशकाच्या अखेरीस येथे चोळे गावाजवळ कोळशावर चालणारे वीजघर उभारले. कोळशाच्या वीजघरात बॉयलर आलेच, आणि बॉयलरांत साफसफाईसाठी माणूस उतरेल अशी जी तोंडे ठेवतात ती जगभर लंबगोल असतात. त्यांची झाकणे आतून बसतात आणि वाफेच्या दाबानेच आवळली जातात. मोठ्या यंत्रशाळेतले हे तत्त्व स्वयंपाकघरात आले तेव्हा ते छोटे झाले, पण बदलले नाही.

भारतात आतल्या झाकणाचा कुकर घराघरांत नेला हॉकिन्सने. एच. डी. वासुदेव यांनी 1959 मध्ये इंग्लंडच्या एल. जी. हॉकिन्स कंपनीच्या तांत्रिक सहकार्याने हा उद्योग सुरू केला. त्याचा एक कारखाना ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये आहे. ठाकुर्लीहून लोकलने डोंबिवली, कोपर, दिवा, मुंब्रा, कळवा मागे टाकले की ठाणे. बाहेरच्या झाकणाचा प्रकार प्रेस्टिजने लोकप्रिय केला. दोन्ही प्रकारांना आपापले गुण आहेत. बाहेरच्या झाकणाच्या भांड्याला रुंद तोंड ठेवता येते, आतली भांडी एकावर एक सहज उतरतात आणि घासायलाही सोपे जाते. आतल्या झाकणात तोंड पोटापेक्षा लहान ठेवावे लागते आणि झाकण घालण्याची ढब शिकावी लागते. पण ती ढब शिकायला लागतात चार दिवस, आणि नंतर घाईच्या सकाळीही कुकर अवेळी उघडला जाण्याची भीती राहत नाही. सुरक्षेची जबाबदारी माणसाच्या लक्षातून काढून धातूच्या आकारावर सोपवणे ही या झाकणाची खरी थोरवी आहे.

लहान भागांतही तोच विचार दिसतो. झाकणाच्या काठाची रबरी रिंग आतल्या दाबाने कडेवर अधिक घट्ट दाबली जाते, म्हणजे वाफ स्वतःची वाट स्वतः बंद करते. सेफ्टी व्हॉल्व्हमध्ये कमी तापमानाला वितळणाऱ्या मिश्रधातूची गुडदी असते. नळी डाळीच्या फेसाने तुंबली किंवा पाणी आटले, तर तापमान चढते, गुडदी वितळते आणि वाफेला दुसरा रस्ता मिळतो. मुठी बॅकेलाइटच्या असतात, कारण ते उष्णता सहसा वाहून नेत नाही आणि एकदा घट्ट झाले की तापवल्याने पुन्हा वितळत नाही.

चौकट: कुकर वापरताना

• वाफ नळीतून मोकळी येऊ लागल्यावरच शिट्टी बसवावी. नळी तुंबलेली नाही याची खात्री त्यातच होते.
• भांडे दोन तृतीयांशांहून जास्त भरू नये. डाळ-तांदूळ फुगतात व फेसाळतात, त्यांच्यासाठी निम्मेच.
• पहिल्या शिट्टीनंतर आच मंद करावी आणि वेळ मिनिटांत मोजावा.
• रिंग कडक झाली, चिरली किंवा काठाने वाफ गळू लागली तर लगेच बदलावी. सेफ्टी व्हॉल्व्हच्या जागी दुसरे काहीही बसवू नये.
• घरगुती कुकरसाठी भारतीय मानक आयएस 2347 आहे. खरेदी करताना आयएसआय चिन्ह पाहावे.

लांब पिनचे काम

कुकरशेजारी ओट्यावर मिक्सर असतो आणि त्याच्या वायरीच्या टोकाला तीन पिनांचा प्लग. वरची पिन खालच्या दोघींपेक्षा लांब आणि जाड का, हा प्रश्न फार थोड्यांना पडतो. खालच्या दोन पिना वीज आणतात आणि परत नेतात. वरची पिन अर्थिंगची. मिक्सरच्या आत वायर सुटून धातूच्या अंगाला लागली, तर वीज हाताऐवजी या पिनेतून जमिनीत जाते.

लांबीमुळे असे होते की प्लग घालताना अर्थिंग सर्वांत आधी जोडले जाते आणि काढताना सर्वांत शेवटी सुटते. वीज वाहत असलेल्या एकाही क्षणी उपकरण संरक्षणाविना राहत नाही. जाडीमुळे ती पिन इतर छिद्रांत जाऊच शकत नाही, म्हणून प्लग उलटा घालता येत नाही. झडपा असलेल्या सॉकेटमध्ये ही लांब पिनच आत जाऊन खालच्या छिद्रांवरच्या झडपा सरकवते. लहान मुलाने खिळा घातला तर तो बंद झडपेवरच अडतो. गीझरसारख्या जास्त वीज ओढणाऱ्या उपकरणांचा 16 अँपिअरचा प्लग मोठा असतो आणि तो 6 अँपिअरच्या छोट्या सॉकेटमध्ये बसत नाही, हीही त्याच विचाराची पुढची पायरी. दोन पिनांचा प्लग घुसवण्यासाठी वरच्या भोकात पेन किंवा स्क्रूड्रायव्हर खुपसणे, किंवा प्लगच नसला तर उघड्या वायरी काडेपेटीच्या काड्यांनी घट्ट बसवणे या सवयी सर्रास दिसतात. त्यातून काम भागते, पण एवढ्या विचाराने उभारलेले संरक्षण एका काडीने मोडीत निघते.

चूक होऊच नये अशी रचना करण्याला जपानी कारखान्यांत ‘पोका-योके’ म्हणतात. टोयोटाच्या उत्पादनपद्धतीशी जोडलेले अभियंते शिगेओ शिंगो यांनी 1960च्या दशकात हा विचार शिस्तशीर मांडला. मोबाइलच्या सिमकार्डाचा एक कोपरा कापलेला असतो तोही त्यामुळेच. कार्ड एकाच बाजूने बसते, म्हणून नीट पाहण्याची गरज उरत नाही.

डब्यावरची खूण

कधी कधी वस्तूला केवळ आकार पुरत नाही, तिने संदेशही वाहून न्यावा लागतो. मुंबईच्या डबेवाल्यांचा डबा हे त्याचे जगभर अभ्यासले गेलेले उदाहरण. महादू हावजी बच्चे यांनी 1890 मध्ये सुरू केलेल्या या व्यवस्थेत एकच डबा घरापासून कार्यालयापर्यंत अनेक हातांतून जातो आणि संध्याकाळपूर्वी त्याच वाटेने घरी परततो. बरेचसे डबेवाले मावळ, खेड, आंबेगाव, जुन्नर या भागांतले. सुरुवातीच्या काळात त्यांच्यापैकी अनेकांना वाचता येत नव्हते, म्हणून खूण अशी हवी होती की ती वाचावी न लागता ओळखता यावी.

ती खूण झाकणावर रंगाने काढलेली असते. मध्यभागी मोठा आकडा असतो. तो डबा कोणत्या स्टेशनावर किंवा भागात उतरवायचा ते सांगतो. बाजूची अक्षरे डबा कुठून निघाला ते सांगतात. आणखी काही अक्षरे व आकडे शेवटचा डबेवाला, इमारत आणि मजला सांगतात. माणसाचे नाव, पूर्ण पत्ता, पिनकोड यांपैकी काही नाही.

या खुणेची हुशारी तिच्या उतरंडीत आहे. प्रत्येक टप्प्यावरच्या माणसाला खुणेचा एकच तुकडा पाहावा लागतो. फलाटावर डबे वेगळे करणारा फक्त मधला मोठा आकडा पाहतो. स्टेशनाबाहेर वाटप करणारा डबेवाला आणि इमारत पाहतो. जिन्यापाशी पोचलेला फक्त मजला पाहतो. दुपारी परतीच्या वाटेवर निघाल्याच्या जागेची अक्षरे कामी येतात. मोठे अक्षर आधी लागणाऱ्या माहितीला आणि लहान नंतर लागणाऱ्या माहितीला, असा क्रम ठेवल्यामुळे गाडी थांबते तेवढ्या क्षणांत शेकडो डब्यांची निवड होते. टपालखात्याचा पत्ता वाचायचा असतो. ही खूण नजरेने उचलायची असते.

डब्याच्या घडणीतही विचार आहे. बाहेरचा डबा उभट, गोल आणि बऱ्यापैकी एकसारख्या मापाचा, म्हणून डबे लांब लाकडी पाटीत ओळीने घट्ट बसतात. पाटी भरली की ती साठ किलोंच्या पुढे जाते आणि तरीही डोक्यावर घेता येते. वरच्या तारेच्या कडीमुळे सायकलच्या दांडीला डबा अडकवता येतो. कडी खाली पाडली की झाकणावरची खूण पूर्ण उघडी राहते.

कोणीच न आखलेला तांब्या

या वस्तूंपैकी काहींचे कर्ते माहीत आहेत, काहींचे नाहीत. अमेरिकन डिझायनर चार्ल्स आणि रे ईम्स भारत सरकारच्या निमंत्रणावरून देश पाहून गेले आणि 1958 मध्ये त्यांनी एक अहवाल दिला. देशात पाहिलेल्या वस्तूंपैकी त्यांना सर्वांत थोर वाटला तो साधा तांब्या. तांब्या नव्याने घडवायचा तर किती गोष्टींचा विचार करावा लागेल याची मोठी यादीच त्यांनी केली: किती पाणी मावावे, कोणाचा हात, कमरेवर की डोक्यावर, भरल्यावर तोल कुठे, ओतताना धार कशी, आतून घासता येईल का, किंमत किती. एवढे सगळे कोणा एकाने आखलेले नव्हते. पिढ्यांनी थोडे थोडे बदलत तो घडवला होता. या अहवालातूनच 1961 मध्ये अहमदाबादला राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. पुढे 1969 मध्ये पवईच्या आयआयटीत औद्योगिक डिझाइनचे केंद्र सुरू झाले. सुधाकर नाडकर्णी यांच्यासारख्या शिक्षकांनी तेथे वस्तूंच्या आखणीचे शास्त्रशुद्ध शिक्षण रुजवले.

तांब्याला मूठ नाही, तरी तो निसटत नाही. बोटांचा वेढा अरुंद मानेभोवती बसतो आणि वरची पसरट कड हातावर टेकते, म्हणून हात ओला असला तरी वजन कडेवर तोलले जाते. पोट फुगीर असल्यामुळे पाण्याचे वजन खाली राहते आणि तांब्या कलंडत नाही. मान अरुंद असल्यामुळे चालताना पाणी हिंदकळून बाहेर येत नाही. आतल्या बाजूला कोपरे नाहीत, त्यामुळे राख किंवा चिंच लावलेला हात सगळीकडे फिरतो. मराठी घरात तांब्यावर फुलपात्र उपडे ठेवले की तेच झाकण होते आणि तेच पेला होते.

विळी आणि ओटा

विळीचेही असेच. सुरीत पाते हलते आणि भाजी स्थिर राहते. विळीत पाते स्थिर आणि भाजी हलते. या एका उलटापालटीने दोन्ही हात मोकळे होतात. पाटावर पाय किंवा मांडी टेकल्याने शरीराचे वजनच विळीला जमिनीवर धरून ठेवते. भोपळा, फणस, सुरण अशा दांडग्या वस्तू दोन्ही हातांनी धरून पात्यावर रेटता येतात. सुरीने तेच करायचे तर एक हात वस्तू धरण्यात अडकतो.

पाते वक्र असते त्यालाही कारण आहे. टोमॅटोवर धार नुसती दाबली तर साल दबते आणि फळ चिरडते. धार दाबत दाबत ओढली तर साल लगेच कापली जाते. ओढताना धारेवरच्या सूक्ष्म दातांनी सालीत चीर पडते आणि पुढची चीर थोड्या जोराने वाढत जाते. विळीवर भाजी खाली ढकलली की पात्याच्या बाकामुळे ती धारेवरून आपोआप घसरते. दाबणे आणि ओढणे एकाच हालचालीत होते. पालेभाजी बारीक चिरताना हा बाक फार कामी येतो. टोकाची खवणी नारळाच्या वाटीच्या आतल्या गोलाईपेक्षा लहान गोलाईची असते, म्हणून तिचे दाते करवंटीला न खरवडता खोबऱ्यात सर्व बाजूंनी पोचतात.

जुन्या विळीत एक मोठे वैगुण्य होते: धार कायम उघडी आणि वापरणाऱ्याच्या दिशेला. काम झाले की विळी आडवी ठेवावी ही घरातली शिस्त त्यावरचा उपाय होती. ती शिस्त माणसाच्या आठवणीवर चालते. घडीच्या विळीत पाते पाटात मिटते आणि खटका त्याला उभे किंवा मिटलेले धरून ठेवतो. आठवणीची जागा बिजागरीने घेतली, हा मोठा बदल होता. साध्या पोलादाच्या जागी स्टेनलेस पाते आल्यावर केळफूल किंवा कच्च्या केळ्याचे डाग काळे पडणे कमी झाले, पण जुन्या पात्याला दगडावर पटकन लागायची तशी धार नव्या पात्याला लावायला जास्त मेहनत पडते.

खरी अडचण ओट्याने आणली. डोंबिवली-ठाकुर्लीच्या इमारतींत स्वयंपाक उभ्याने होतो. ओट्याची उंची शेगडी आणि सिंकच्या सोयीने ठरते, सहसा ती कमरेच्या आसपास येते. त्यावर विळी ठेवली तर पात्याचे टोक छातीच्या उंचीला जाते आणि कोपर उचलून खाली रेटावे लागते. शिवाय विळीला धरून ठेवणारे शरीराचे वजन हरवते. त्यावर दोन उपाय बाजारात आहेत. एका विळीच्या बुडाला ओट्याच्या कडेला स्क्रूने आवळायचा शिकंजा असतो, दुसरीच्या बुडाला फरशीला चिकटणारे रबराचे वाटीसारखे पाय. शिकंजा घट्ट बसतो, पण ग्रॅनाइटची कड जाड किंवा गोलाकार घासलेली असेल तर सरकतो. रबरी पाय ओल्या, तेलकट फरशीवर सुटतात. दोन्हींत पाते आखूड करावे लागते, आणि पाते आखूड झाले की ओढण्याची लांबी कमी होऊन चिरणे पुन्हा दाबण्याकडे झुकते. म्हणून रोजची कांदा-मिरची ओट्यावर सुरीने होते, आणि नारळ खवायचा किंवा फणस फोडायचा असला की बऱ्याच घरांत विळी अजून खाली फरशीवर मांडली जाते.